घर तुमचं, पण राहायचा हक्क? परदेशात घर घेण्याआधी व्हिसा कसा समजून घ्यावा

जपानमध्ये परदेशी माणसाला घर विकत घेता येतं. जमिनीसकट, कायमच्या मालकीनं, स्वतःच्या नावावर. त्यासाठी तिथला रहिवासी असण्याची अट नाही. आणि एवढं करून त्या घरात राहता किती दिवस येतं? पर्यटकाला जेवढे दिवस मिळतात तेवढेच. ते संपले की स्वतःच्या घराला कुलूप लावून विमानतळ गाठायचा.

अमेरिकेत हेच. ब्रिटनमध्येही हेच. आपण मनात ‘माझं घर’ आणि ‘माझा राहायचा हक्क’ एकच धरून चालतो, कायदा तसं धरत नाही. मालकीची नोंद एक खातं करतं, राहायची परवानगी दुसरं खातं देतं आणि कर तिसरंच खातं लावतं. तिघांच्या व्याख्या वेगळ्या, दिवसांची मोजणीसुद्धा वेगळी. खरेदीखत हातात असलं म्हणून विमानतळावरचा अधिकारी एक दिवसही वाढवून देत नाही.

मी हे कळकळीनं लिहितो आहे, कारण इथली चूक निस्तरणं फार महाग पडतं. भाड्याचं घर महिन्याभरात सोडता येतं. परक्या देशात घेतलेलं घर विकायचं तर पुन्हा शुल्क, पुन्हा वकील, पुन्हा कर, आणि तोवर पैसे अडकलेले. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम वेगळा ठेवला आहे. आधी राहण्याचा प्रश्न सोडवायचा, घर त्यानंतर बघायचं.

पहिली पायरी: तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा

घरांचे फोटो बघायला बसण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहून काढा. वर्षातून किती दिवस तिथे राहणार? बरोबर कोण कोण असणार? आणि तिथे बसून पैसे कमावणार का?

पहिल्या उत्तरावरून ठरतं की तुम्हाला निवास परवाना लागणार आहे की पर्यटक व्हिसावर भागणार आहे. वर्षातून दोन-तीन वेळा महिनाभर जायचं असेल तर बऱ्याच देशांत परवान्याच्या खटपटीत पडायची गरजच नसते. दुसऱ्या उत्तरात आईवडील असतील तर थांबून विचार करा. नवरा-बायको आणि लहान मुलं यांना बहुतेक परवान्यांत जागा असते. आईवडिलांना असतेच असं नाही, आणि मोठी झालेली मुलं एका वयानंतर यादीतून गळतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना लॅपटॉप विसरू नका. आपल्याच देशातल्या कंपनीचं काम परदेशातल्या घरात बसून करणं हेही पुष्कळ ठिकाणी ‘काम’ धरलं जातं आणि ठरावीक व्हिसांवर त्याला मनाई असते.

दुसरी पायरी: दिवस मोजायला शिका

युरोपात घर घेणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शेंगेन करारातले २९ देश प्रवेशाच्या बाबतीत एकच प्रदेश मानले जातात. निवास परवाना नसलेल्या परदेशी पाहुण्याला या साऱ्या प्रदेशात मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. ‘कोणत्याही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ही मोजणी जानेवारीत नव्यानं सुरू होत नाही. रोज सकाळी मागे वळून गेल्या १८० दिवसांकडे बघायचं आणि त्यात आपण किती दिवस आत होतो ते मोजायचं. आल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही धरायचे.

उदाहरण घेऊ. तुम्ही १ मार्चला आलात आणि २९ मेला परतलात. मार्चचे ३१, एप्रिलचे ३० आणि मेचे २९ मिळून ९० दिवस भरले. आता जूनमध्ये मुलांना सुट्टी आहे म्हणून परत जाता येणार नाही. १ मार्च हा दिवस १८० दिवसांच्या चौकटीतून बाहेर पडतो तो २८ ऑगस्टला, म्हणजे त्याच्या आधी तुमच्या घराचं दार तुम्हाला बंद. उन्हाळा म्हणून घर घ्यायचं आणि नेमका उन्हाळाच हातचा जायचा, असं होऊ शकतं. शिवाय स्पेनमधल्या घरातून चार दिवस फ्रान्सला जाऊन आलात तरी ते चार दिवस याच खात्यातून वजा होतात.

पूर्वी पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून ही मोजणी व्हायची. एखादा शिक्का पुसट असे, एखादा राहून जाई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करणारी संगणकीय यंत्रणा टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे. एखादा दिवस जास्त झाला तर कोणाच्या लक्षात येणार नाही, हा भरवसा आता सोडून द्या. मुदत ओलांडल्याची नोंद पुढच्या व्हिसाच्या आणि निवास परवान्याच्या अर्जात आडवी येते.

इतर देशांचं गणित वेगळं आहे, पण धागा तोच. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिन्यांपर्यंत राहू देतात, मात्र तुमचं कायमचं घर अमेरिकेबाहेर आहे आणि ते सोडायचा तुमचा विचार नाही, हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं. ब्रिटनच्या नियमांत स्पष्ट आहे की वरचेवर येऊन किंवा एकामागून एक लांब मुक्काम करून पाहुण्याच्या व्हिसावर तिथे ‘राहणं’ चालणार नाही. अशा ठिकाणी घराची मालकी कधीकधी उलटी अंगावर येते. ‘तुमचं घर इथे आहे, मग तुम्ही पाहुणे कसे?’ असा प्रश्न अधिकारी विचारू शकतो. त्याला दाखवण्यासाठी परतीचं तिकीट, मायदेशातली नोकरी किंवा व्यवसाय आणि तिथल्या घराचे कागद जवळ असू द्या.

तिसरी पायरी: आपल्याला बसणारा परवाना शोधा

पर्यटक व्हिसावर भागणार नसेल तर निवास परवाना लागतो. घर घेणाऱ्याच्या दृष्टीनं त्याचे तीन प्रकार पडतात. घर घेतल्यामुळे मिळणारा, उत्पन्न किंवा पेन्शन दाखवून मिळणारा, आणि नोकरी, शिक्षण किंवा नात्यामुळे मिळणारा. तिसऱ्या प्रकारात घर आहे की नाही याला फारसं महत्त्व नसतं, त्यामुळे तो बाजूला ठेवू.

घर घेतल्यामुळे मिळणाऱ्या परवान्याला सगळे ‘गोल्डन व्हिसा’ म्हणतात. जाहिराती याच्याच सर्वाधिक असतात आणि नियम बदलतात तेही याचेच. गेल्या काही वर्षांत काय घडलं ते बघा. आयर्लंडनं २०२३ च्या फेब्रुवारीत आपली गुंतवणूकदारांची योजना बंद केली. पोर्तुगालची योजना २०१२ पासून चालू होती, २०२३ च्या ऑक्टोबरात तिच्यातून घरखरेदीचा मार्ग काढून टाकला. हंगेरीनं २०२४ मध्ये नवी योजना आणली, तिच्यात ५ लाख युरोच्या घराचा पर्याय कायद्यात लिहिलेला होता आणि तो अमलात येण्याआधीच रद्द झाला. स्पेननं २०१३ मध्ये सुरू केलेली ५ लाख युरोची वाट ३ एप्रिल २०२५ ला बंद केली. ज्या गावांत परदेशी पैसा आला तिथे स्थानिकांना घरं परवडेनाशी झाली, हे त्यामागचं मोठं कारण. ती तक्रार खोटी नाही, आणि म्हणूनच हे नियम आणखी आवळले जाण्याची शक्यता धरून चालावं.

या बदलांतून नवख्या माणसानं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. नियम बदलतो तेव्हा जुन्या नियमाचा लाभ कोणाला मिळणार, हे एका तारखेवर ठरतं, आणि ती तारीख कशाची हे दर वेळी वेगळं असतं. स्पेनमध्ये मुदतीच्या आत परवान्याचा अर्ज दाखल झालेला असणं आवश्यक होतं. घर विकत घेऊन झालं पण अर्ज राहिला, अशांना जुना नियम लागू झाला नाही. ग्रीसनं २०२४ मध्ये रक्कम वाढवली तेव्हा ३१ ऑगस्टपर्यंत १० टक्के इसार भरलेल्यांना व्यवहार पुरा करायला वर्षअखेरपर्यंत मुभा दिली. म्हणजे एका देशात अर्जाची तारीख, दुसऱ्या देशात इसाराची. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, ‘उद्या नियम बदलला तर माझं संरक्षण कुठल्या टप्प्यापासून सुरू होतं?’

जे दरवाजे अजून उघडे आहेत त्यांत ग्रीसचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. अथेन्स ज्या अटिका प्रांतात आहे तो प्रांत, थेसालोनिकी, मायकोनोस, सँटोरिनी आणि ३,१०० हून जास्त वस्तीची बेटं इथे किमान ८ लाख युरोचं घर लागतं. बाकी देशात ४ लाख. दोन्हीकडे एकच मालमत्ता हवी आणि ती १२० चौरस मीटरपेक्षा लहान चालत नाही. व्यापारी जागेचं घरात रूपांतर केलेलं असेल किंवा जुन्या संरक्षित वास्तूची डागडुजी करायची असेल तर २.५ लाख युरोची जुनी रक्कम अजून लागू आहे. परवाना पाच वर्षांचा, नूतनीकरण होणारा. पण या परवान्यावर तिथे नोकरी करता येत नाही, आणि असं घर पर्यटकांना थोड्या दिवसांच्या भाड्यानं देता येत नाही. दिलं तर ५० हजार युरो दंड आणि परवानाही जातो. अनेक दलाल ‘पर्यटकांना घर भाड्यानं देऊन हप्ते फिटतील’ असं गणित मांडून दाखवतात. ग्रीसमध्ये ते गणित या अटीपाशीच मोडतं.

संयुक्त अरब अमिरातीत २० लाख दिरहमच्या मालमत्तेवर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो. सायप्रसमध्ये ३ लाख युरोचं नवं घर आणि देशाबाहेरून येणारं वर्षाला किमान ५० हजार युरोचं उत्पन्न दाखवलं तर कायम निवासाचा अर्ज करता येतो. तुर्कस्तानात निवास परवान्यासाठी २ लाख डॉलरचं घर लागतं. नागरिकत्वाचा आकडा वेगळा, ४ लाख डॉलर, आणि ते घर तीन वर्षं विकणार नाही अशी नोंद दस्तावर करावी लागते. हा नागरिकत्वाचा आकडा २०१७ मध्ये १० लाख होता, २०१८ मध्ये २.५ लाखांवर आला, २०२२ मध्ये पुन्हा ४ लाखांवर गेला. एवढ्यावरून जुन्या माहितीवर विसंबणं किती धोक्याचं आहे ते लक्षात येईल. अर्ज करण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावरचा आकडा स्वतः वाचा. माझ्या या लेखातले आकडेही त्याला अपवाद नाहीत.

आता दुसरा प्रकार. माझ्या मते साध्या पगारदार किंवा निवृत्त कुटुंबाला हाच जास्त सोयीचा, आणि त्याचीच माहिती कमी लोकांना असते, कारण तो विकून कोणाला दलाली मिळत नाही. पोर्तुगालचा डी-७ व्हिसा पेन्शन, भाडं, व्याज अशा बसल्या उत्पन्नावर मिळतो. स्पेनच्या बिगर-नोकरी व्हिसाला आयपीआरईएम नावाच्या सरकारी निर्देशांकाच्या चौपट उत्पन्न दाखवावं लागतं. तो निर्देशांक महिना ६०० युरो धरला तर मुख्य अर्जदाराला महिना २,४०० युरो, आणि बरोबर येणाऱ्या प्रत्येकासाठी आणखी ६००. इटलीचा ‘ऐच्छिक निवास’ व्हिसा आणि फ्रान्सचा लांब मुदतीचा पाहुणा व्हिसा त्याच जातीचे. थायलंडचा निवृत्तांसाठीचा व्हिसा ५० वर्षांवरच्यांना मिळतो, त्यासाठी बँकेत ८ लाख बाट ठेवण्याचा मार्ग नेहमीचा.

या व्हिसांना राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो खरा, पण तो भाडेकराराचाही चालतो. घर विकत घ्यावं लागत नाही. म्हणून माझा आग्रह असा की पहिलं वर्ष भाड्यानं राहा. हिवाळा बघा, दवाखाना किती लांब आहे ते बघा, शेजारी बघा, परवान्याचं पहिलं नूतनीकरण पार पडू द्या. परवाना हाती असलेला माणूस घर घेताना घाई करत नाही, आणि घासाघीस करायला त्याच्याकडे वेळ असतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. एका शेंगेन देशाचा निवास परवाना मिळाला की सगळ्या युरोपात हवं तिथे राहता येतं, असं नाही. राहायचा हक्क त्या एका देशापुरता. इतर शेंगेन देशांत तुम्ही पाहुणेच, आणि तिथे पुन्हा १८० दिवसांत ९० ची मर्यादा.

चौथी पायरी: तुम्हाला तिथे घर घेता येतं का?

राहायची परवानगी मिळाली तरी घर घेता येईलच असं नाही. हा उलटा प्रश्न लोक विचारायला विसरतात.

काही देशांनी तात्पुरती बंदी घातली आहे. कॅनडानं १ जानेवारी २०२३ पासून बहुतेक परदेशी व्यक्तींना शहरी भागांत घर घ्यायला मनाई केली आणि तिची मुदत वाढवून १ जानेवारी २०२७ पर्यंत नेली. काही प्रकारच्या परवानाधारकांना सवलत आहे, पण अटी बारीक आहेत. ऑस्ट्रेलियानं १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात परदेशी खरेदीदारांना जुनी, वापरातली घरं घेण्यापासून रोखलं आहे. नव्या बांधकामासाठी परवानगी मागता येते. स्वित्झर्लंडमध्ये परदेशी लोकांना सुट्टीतल्या घरांसाठी साऱ्या देशात मिळून वर्षाला १,५०० परवाने, तेही ठरावीक प्रदेशांत. डेन्मार्कमध्ये तिथे राहत नसाल आणि पूर्वी एकंदर पाच वर्षं राहिलेला नसाल तर आधी सरकारची परवानगी लागते. सिंगापूर बंदी घालत नाही, पण परदेशी खरेदीदाराकडून घराच्या किमतीच्या ६० टक्के इतकं जादा मुद्रांक शुल्क घेतं. मात्र काही देशांशी व्यापार करार असल्यामुळे, उदाहरणार्थ अमेरिकी नागरिकांना, ते लागू होत नाही. तेव्हा कुठल्याही देशाचा नियम वाचताना ‘परदेशी’ या शब्दापुढे आपला पासपोर्ट ठेवून वाचा.

आग्नेय आशियात वेगळीच रचना आहे. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही, इमारतीतला फ्लॅट होऊ शकतो. थायलंडमध्ये एका कॉन्डो इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. फिलिपिन्समध्ये ही मर्यादा ४० टक्के, व्हिएतनाममध्ये एका इमारतीतल्या फ्लॅटपैकी ३० टक्के, तेही ५० वर्षांच्या मुदतीनं. इंडोनेशियात पूर्ण मालकी फक्त नागरिकांना, परदेशी रहिवाशाला ‘हाक पाकाई’ म्हणजे वापराचा हक्क मिळतो, ३० वर्षं, मग २०, मग ३०. मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० किलोमीटर आणि सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात घर परदेशी माणसाच्या थेट नावावर होत नाही. बँकेच्या ट्रस्टमध्ये ते ५० वर्षांसाठी ठेवतात, मुदत वाढवता येते, आणि हा रीतसर, रोजचा मार्ग आहे.

धोका आहे तो बेकायदा आडवाटांत. ‘जमीन स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ, त्याच्याकडून वेगळा कागद लिहून घेऊ’ असं कोणी सुचवलं तर तिथून उठा. थायलंडमध्ये अशी बेनामी मालकी हा गुन्हा आहे. वाद झाला तर तो वेगळा कागद न्यायालयात तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरतो, कारण कायदा चुकवायचा हेतू त्यातच लिहिलेला असतो. सुचवणारा माणूस भला असला, नातेवाईक असला, तरी उत्तर बदलत नाही. तो उद्या वारला तर जमीन त्याच्या वारसांची.

पाचवी पायरी: इसार देण्याआधी

व्हिसाचा मार्ग आणि मालकीचा नियम, दोन्ही जुळले की मगच पैशाला हात लावा.

वकील स्वतः निवडा. बिल्डरनं किंवा दलालानं ‘आमचाच वकील आहे, फुकट करून देतो’ म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा. ज्याची फी तुम्ही देत नाही तो तुमच्या बाजूनं वाचत नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांत नोटरी दस्त करतो, पण नोटरी दोन्ही पक्षांचा असतो. तुमचं हित बघणं हे त्याचं काम नाही.

करारात एक अट घालायला सांगा: परवान्याचा अर्ज फेटाळला गेला तर इसार परत. विक्रेता ही अट नेहमी मान्य करेलच असं नाही, पण बिल्डर जेव्हा ‘परवाना शंभर टक्के मिळतो’ सांगत असतो, तेव्हा हेच वाक्य लेखी द्यायला तो का कचरतो, हे तुमचं तुम्हाला कळेल. स्पेनमध्ये इसाराच्या नेहमीच्या करारात खरेदीदार मागे फिरला तर रक्कम बुडते आणि विक्रेता फिरला तर दुप्पट परत द्यावी लागते. व्हिसा नाकारला जाणं हे तिथे आपोआप सुटकेचं कारण होत नाही.

घरावर बोजा आहे का, जुना कर थकलाय का, बांधकाम परवानगीप्रमाणे आहे का, हे तिथल्या नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यावरून वकिलाकडून तपासून घ्या. परवान्यासाठी घ्यायचं असेल तर आणखी एक तपासणी: दस्तावर लिहिली जाणारी किंमत. कर वाचवायला कमी किंमत लिहायची आणि उरलेली रोख द्यायची, असा प्रस्ताव आला तर तो बेकायदा तर आहेच, शिवाय परवान्याची किमान रक्कम दस्तावर दिसत नाही म्हणून अर्जही जातो.

पैसे स्वतःच्या नावाच्या बँक खात्यातून, बँकेमार्फत, परदेशी चलनात पाठवा आणि प्रत्येक पावती जपा. थायलंडमध्ये फ्लॅट नावावर करताना पैसे परदेशातून परकीय चलनात आले याचा बँकेचा दाखला दाखवावा लागतो. पुढे घर विकून पैसे बाहेर न्यायचे तेव्हाही तोच कागद कामी येतो. आपल्या देशाचे बाहेर पैसे पाठवण्याचे नियम आणि वार्षिक मर्यादा आधीच बँकेत विचारून घ्या. मर्यादेपायी दोन वर्षांत विभागून पैसे पाठवावे लागणार असतील तर बिल्डरचे हप्ते तसेच ठरवावे लागतात.

कर क्रमांक आधी काढा. पोर्तुगालमध्ये त्याला एनआयएफ म्हणतात, इटलीत कोदिचे फिस्काले, स्पेनमध्ये परदेशी व्यक्तीचा एनआयई. याशिवाय खरेदी पुढे सरकत नाही. जन्मदाखला, विवाहाचा दाखला, पोलिसांचा चारित्र्य दाखला यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशात मान्य होणारं सरकारी प्रमाणपत्र हवं, मग त्या देशात मान्य असलेल्या भाषांतरकाराकडून भाषांतर. चारित्र्य दाखला फार लवकर काढू नका, बहुतेक ठिकाणी तो तीन ते सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. आणि सगळ्या कागदांवरच्या नावाची अक्षरं आत्ताच ताडून पाहा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, जन्मदाखल्यावर ते नाही, विवाहाच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, ही आपल्याकडची नेहमीची तऱ्हा परदेशातल्या कारकुनाला तीन वेगळी माणसं वाटते. दुरुस्तीला किंवा एकच व्यक्ती असल्याच्या प्रतिज्ञापत्राला वेळ लागतो.

स्वतः जाता येत नसेल तर कुलमुखत्यारपत्र देता येतं. ते एका मालमत्तेपुरतं, एका कामापुरतं आणि मुदत घालून द्या. विकण्याचा अधिकार त्यात नको.

सहावी पायरी: परवाना मिळाल्यावर तो टिकवा

किती दिवस बाहेर राहिलं तर परवाना जातो, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. अमिरातीतला साधा निवास व्हिसा सलग १८० दिवस बाहेर राहिलं की रद्द होतो. गोल्डन व्हिसाला ती अट नाही. सायप्रसच्या कायम निवासासाठी दोन वर्षांतून एकदा तरी जाऊन यावं लागतं. ग्रीसच्या गोल्डन व्हिसाला किमान मुक्कामाची अट नाही. पण तिथल्या नागरिकत्वासाठी सात वर्षं खरोखर राहावं लागतं, नुसता परवाना खिशात ठेवून ती वर्षं मोजली जात नाहीत. जाहिरातीत ‘सात वर्षांत पासपोर्ट’ वाचून निर्णय घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

पत्त्याची नोंदणी वेळेत करा. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते. थायलंडमध्ये परदेशी माणूस घरात मुक्कामाला आला की घरमालकानं २४ तासांत कळवायचं असतं, आणि लांब मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्यानं दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवायचा असतो. छोटी कामं आहेत, दंड आणि नूतनीकरणातला खोळंबा मात्र छोटा नसतो. परवाना घरावर अवलंबून असेल तर घर विकलं की परवान्याचा आधार जातो, हेही ध्यानात असू द्या. घर बदलायचं असेल तर वकिलाला आधी विचारा, विक्री नंतर.

सातवी पायरी: कर आणि वारसा

इमिग्रेशनचा ‘रहिवासी’ आणि करखात्याचा ‘रहिवासी’ हे दोन वेगळे शब्द समजा. पुष्कळ देशांत वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर तिथे कर लागू होऊ शकतो. पण सगळीकडे दिवसच मोजतात असं नाही. जर्मनीत वापरण्याजोगं घर तुमच्या ताब्यात असणं आणि तुम्ही ते वापरत असणं एवढ्यानंही करनिवासी ठरू शकता. ब्रिटनच्या कसोटीतही तिथे घर उपलब्ध असणं जमेत धरलं जातं. स्पेनमध्ये घर नुसतं बंद ठेवलं तरी अनिवासी मालकाला दर वर्षी कर भरावा लागतो. घरापासून मिळू शकणारं उत्पन्न कागदावर धरून तो लावतात, आणि युरोपीय संघाबाहेरच्यांसाठी त्याचा दर २४ टक्के आहे. घर घेण्याआधी दोन्ही देशांमध्ये दुहेरी करटाळणीचा करार आहे का ते बघा आणि दोन्हीकडच्या सल्लागारांना एकमेकांशी बोलायला लावा. आपल्या करखात्याला कळवलं नाही तरी चालेल अशी आशा ठेवू नका, शंभरावर देशांच्या करखात्यांत बँक खात्यांची माहिती आपोआप जाते-येते.

अमेरिकेत घर असलेल्या अनिवासी परदेशी माणसाचं निधन झालं तर तिथल्या मालमत्तेवरच्या वारसा करातून सूट फक्त ६० हजार डॉलरची आहे, नागरिकांना मिळणारी मोठी सूट त्याला मिळत नाही. परदेशी मालकानं घर विकलं तर खरेदीदार साधारणपणे किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून करखात्यात भरतो, हिशेब नंतर होतो. फ्रान्ससारख्या देशांत मुलांचा ठरावीक वाटा कायद्यानं राखलेला असतो, सगळं पत्नीच्या नावे करून ठेवता येईलच असं नाही. युरोपीय संघातल्या बहुतेक देशांत १७ ऑगस्ट २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार आपल्या वारशाला आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा लावावा असं मृत्युपत्रात लिहून ठेवता येतं. फ्रान्सनं मात्र काही प्रसंगांत मुलांना त्यावर दाद मागायची सोय ठेवली आहे.

मृत्युपत्र करताना आणखी एक गोष्ट वकिलाला विचाराच, ती सहसा कोणी विचारत नाही. परवाना ज्याच्या नावावर आहे तो माणूस गेला, तर त्याच्या आधारानं आलेल्या जोडीदाराचा आणि मुलांचा परवाना किती दिवस चालतो? कुठे मुदत संपेपर्यंत चालतो, कुठे ठरावीक दिवसांत नवा अर्ज करावा लागतो, आणि घर वारसाहक्कानं नावावर व्हायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. जमत असेल तर घर दोघांच्या नावावर घ्या, जोडीदाराच्या वाट्यावर स्वतंत्र परवाना मिळतो का तेही बघा. आणि कागदांची एक फाइल अशा ठिकाणी ठेवा की तुमच्या गैरहजेरीत ती दुसऱ्या माणसाला सापडेल: दस्त, परवाने, कर क्रमांक, बँकेच्या पावत्या, वकिलाचा नंबर, आणि प्रत्येक कागदाची मुदत संपण्याची तारीख वर मोठ्या अक्षरात.